गीतांची वैयक्तिक साप्ताहिक क्रमवारी : तिच्यातील चढउतारांचा अर्थ

पॉप आणि रॉक संगीताच्या रसिकांमध्ये एक छंद अनेक दशके चालत आलेला आहे. लोकप्रिय गीतांची जी क्रमवारी नियतकालिकांतून आणि नभोवाणीवरून दर आठवड्याला प्रसिद्ध होते, आणि जिला सर्वत्र ‘चार्ट’ असेच म्हटले जाते, ती वाचून किंवा ऐकून ज्याचे समाधान होत नाही असा रसिक स्वतःची निराळी क्रमवारी तयार करू लागतो. तिच्यात ध्वनिमुद्रिकांच्या खपाला स्थान नसते; इतरांच्या मतालाही नसते. त्या आठवड्यात आपल्याला कोणती दहा, वीस किंवा चाळीस गाणी सर्वाधिक भावली आणि कोणत्या क्रमाने भावली, एवढेच तो लिहून ठेवतो. पुढल्या आठवड्यात पुन्हा लिहितो. वहीचे पान सार्वजनिक चार्टच्या धर्तीवरच आखलेले असते : या आठवड्याचे स्थान, गेल्या आठवड्याचे स्थान, यादीत एकूण किती आठवडे, आणि आजवरचे सर्वोच्च स्थान. गाणे वर गेले, खाली आले, नव्याने शिरले, बाहेर पडले किंवा परत आले, हे एकेका खुणेने दाखविलेले असते.

वरकरणी हा पोरखेळ वाटेल. परंतु लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचा जो अभ्यास विद्यापीठांतून होतो, त्याच्या दृष्टीने या वह्यांना एक विशेष मूल्य आहे. तो इतिहास आजवर बव्हंशी सार्वजनिक चार्टवरून लिहिला गेला. सार्वजनिक चार्ट फार तर किती तबकड्या विकल्या गेल्या हे सांगतो. विकत घेतलेली तबकडी घरी किती दिवस वाजली, ती केव्हा कंटाळवाणी झाली, आणि कंटाळा आल्यावर तिची जागा कशाने घेतली, याविषयी तो मुका आहे. एकाच श्रोत्याची वर्षानुवर्षांची, आठवड्या-आठवड्याची साक्ष ही केवळ वैयक्तिक क्रमवारीतच सापडते. मात्र ती साक्ष वाचावी कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वहीतील प्रत्येक चढउतार हा आवडीतील चढउतार समजला, तर निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा निघेल.

प्रथम सार्वजनिक चार्टचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे, कारण वैयक्तिक क्रमवारी हे त्याचेच अपत्य होय. अमेरिकेत ‘युअर हिट परेड’ हा नभोवाणी-कार्यक्रम १९३५ मध्ये सुरू झाला. ब्रिटिश श्रोत्यांसाठी रेडिओ लक्झेंबर्गने १९४८ मध्ये वीस गीतांचा साप्ताहिक कार्यक्रम आरंभिला. त्याचा आधार तबकड्यांचा नव्हे, तर छापील स्वरलिपीच्या प्रतींचा खप हा होता. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनमधील तबकड्यांच्या खपाची पहिली क्रमवारी छापली. सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून ती तयार केलेली होती. स्थाने बारा होती, पण काही स्थाने विभागून गेल्यामुळे तबकड्या पंधरा झाल्या. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाचा शंभर गीतांचा चार्ट, ‘हॉट हंड्रेड’, ४ ऑगस्ट १९५८ रोजी अवतरला. केसी केसम यांचा ‘अमेरिकन टॉप फॉर्टी’ हा कार्यक्रम जुलै १९७० पासून प्रक्षेपित होऊ लागला आणि चाळिसाव्या गाण्यापासून पहिल्यापर्यंत चढत जाणारी ती उलटी गणती असंख्य मुलामुलींना पेन्सिल घेऊन नभोवाणी-यंत्राजवळ बसविणारी ठरली. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या काळात नवा चार्ट मंगळवारी दुपारी जाहीर होई, म्हणजे ऐन शाळेच्या वेळी, आणि तरीही तो ऐकला जाई.

भारतीय वाचकाला या संदर्भात ‘बिनाका गीतमाला’ आठवल्याखेरीज राहणार नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झालेला आणि अमीन सयानी यांच्या निवेदनाने गाजलेला हा कार्यक्रम बुधवारी रात्री ऐकण्यासाठी महाराष्ट्रातील घराघरांत यंत्राभोवती मंडळी जमत, आणि कोणते गाणे कितव्या पायदानावर आले हे वहीत टिपून ठेवणारे श्रोतेही थोडे नव्हते. विषय चित्रपटगीतांचा असल्यामुळे तो येथे बाजूला ठेवावा लागेल. परंतु टिपणाची ती वृत्ती आणि प्रस्तुत छंद यांचे मूळ एकच आहे. दुसऱ्याची क्रमवारी उतरवून घेणारा श्रोता एखाद्या आठवड्यात तिच्याशी भांडू लागतो आणि भांडण मिटत नाही, तेव्हा तो स्वतःची वही उघडतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळावे. गीतांचा क्रम लावणे म्हणजे मोजणे नव्हे. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मोजमापांच्या श्रेणींचे जे वर्गीकरण केले, त्यात केवळ क्रम दाखविणारी श्रेणी आणि समान अंतरे दाखविणारी श्रेणी यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यात रेसभर अंतर असेल किंवा कोसभर असेल. वहीत ते एकाच ओळीचे दिसते. पंधराव्यापासून पंचविसाव्यापर्यंतची गाणी तर बहुधा जवळजवळ सारखीच आवडलेली असतात. म्हणून चोवीसवरून सतरावर आलेल्या गाण्याने मारलेली ‘सात स्थानांची उडी’ ही तीनवरून एकवर येण्यापेक्षा मोठी घटना आहे असे मानण्यास कोणताही आधार नाही. वस्तुस्थिती उलट असण्याचाच संभव अधिक.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. क्रमवारीतील स्थान हे गाण्याचे एकट्याचे नसते. ते इतर सर्वांच्या संदर्भातच असते. एक साधे उदाहरण घ्यावे. दहा गाण्यांची यादी आहे. या आठवड्यात एक नवे गाणे आले आणि ते थेट चौथ्या स्थानी बसले. याखेरीज श्रोत्याच्या मनात काहीही बदललेले नाही. तरी वहीत काय दिसेल? पहिली तीन गाणी स्थिर. चौथ्या स्थानी नवा प्रवेश. पूर्वीची चौथी ते नववी अशी सहा गाणी प्रत्येकी एक स्थान खाली. आणि दहावे गाणे बाहेर. सहा उतारांच्या खुणा आणि एक हकालपट्टी, आणि या साऱ्यामागे निर्णय मात्र एकच. याच्या उलटही घडते. वरची दोन गाणी एकाच आठवड्यात कानाला नकोशी होऊन निघून गेली, की खालची सर्व दोन-दोन पायऱ्या चढतात. त्यांच्यावरील प्रेम तसूभरही वाढलेले नसते.

सार्वजनिक चार्टमध्येही हेच आढळते. ४ एप्रिल १९६४ च्या ‘हॉट हंड्रेड’ मध्ये पहिली पाचही स्थाने बीटल्स या एकाच वृंदाच्या गाण्यांकडे होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या आठवड्यात ‘कान्ट बाय मी लव्ह’ हे सत्ताविसाव्या स्थानावरून एकदम पहिल्यावर आले आणि आदल्या आठवड्यात पहिले असलेले ‘शी लव्ह्ज यू’ तिसरे झाले. ‘शी लव्ह्ज यू’ ची लोकप्रियता सात दिवसांत ओसरली असे केवळ या घसरणीवरून म्हणता येत नाही. तिच्या पुढे तिचेच भावंड उभे राहिले, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

यास्तव वही वाचणाऱ्या अभ्यासकाने स्थानांतील फरकांची बेरीज न करता, दोन्ही आठवड्यांत समान असलेल्या गाण्यांचा आपसांतील क्रम पाहावा. वरील उदाहरणात अशी नऊ गाणी आहेत आणि त्यांच्या छत्तीस जोड्या होतात. त्यांपैकी एकाही जोडीचा क्रम उलटलेला नाही. मॉरिस केंडॉल याने १९३८ मध्ये मांडलेला क्रम-सहसंबंधाचा गुणक अशा जोड्यांवरच आधारलेला आहे आणि या ठिकाणी तो पूर्ण एक येईल. म्हणजे कागदावर उलथापालथ दिसत असूनही रुची अविचल होती. उलट एखाद्या शांत दिसणाऱ्या आठवड्यात, जेव्हा नवे गाणे एकही आलेले नाही आणि केवळ दुसरे व पाचवे यांनी जागा बदललेल्या आहेत, तेव्हा मधल्या दोन गाण्यांसह पाच जोड्यांचा क्रम उलटलेला असतो. रुची खरोखर हलली ती या आठवड्यात.

येथपर्यंतचे विवेचन संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचितच वाटेल. परंतु यादी प्रत्यक्षात तयार कशी होते, इकडे त्याचे लक्ष बहुधा जात नाही. तत्त्वतः वीस गाण्यांचा क्रम लावावयाचा, तर प्रत्येक गाण्याची प्रत्येकाशी तुलना करावी लागेल. एल. एल. थर्स्टन याने १९२७ मध्ये तुलनात्मक निर्णयाचा जो नियम मांडला, त्याच्या मुळाशी अशी जोडी-जोडीने होणारी तुलनाच आहे. वीस गाण्यांच्या जोड्या १९० होतात, चाळिसांच्या ७८०. रविवारच्या सायंकाळी वही घेऊन बसलेला कोणताही रसिक इतक्या तुलना करीत नाही. तो गेल्या आठवड्याची यादी समोर ठेवतो आणि तिच्यावर हात फिरवितो. हे जरा वर, ते जरा खाली. हे शेजाऱ्यापेक्षा आता बरे वाटते. हे पुष्कळ दिवस झाले. याचा परिणाम असा की जुनी यादी नव्या यादीला ओढून धरते. एक-दोन-तीन स्थानांचे फरक वहीत पदोपदी आढळतात, पंधरा-वीस स्थानांचे क्वचित. आणि याचे कारण रुची मंदगतीने बदलते हे असेलच असे नाही. यादी करण्याची रीतच मंदगतीला अनुकूल आहे.

याखेरीज एक अधिक सूक्ष्म ओढ असते. वही राखणाऱ्याने सार्वजनिक चार्ट वर्षानुवर्षे पाहिलेला असतो आणि गाण्याचा ‘जीवनक्रम’ कसा असावा याचे एक चित्र त्याच्या मनात ठसलेले असते. गाणे खाली कोठेतरी शिरावे, आठवड्या-आठवड्याला चढत जावे, शिखर गाठावे, तेथे दोन-तीन आठवडे रमावे आणि मग सावकाश उतरावे. १९७० व १९८० या दशकांतील अमेरिकन चार्टमध्ये बहुसंख्य यशस्वी गाण्यांचा प्रवास याच धाटणीचा होता. तो तसा का होता, याचा उलगडा मात्र पुढे झाला.

१९९१ पर्यंत ‘बिलबोर्ड’ ला मिळणारी माहिती दुकानदारांच्या तोंडी वा लेखी अहवालांवर आणि नभोवाणी केंद्रांनी कळविलेल्या यादींवर अवलंबून होती. दुकानदार नेमके आकडे देत नसत. काय चांगले खपते याचा क्रम देत. जे गाणे मागील यादीत वर सरकताना दिसले, ते पुढच्या अहवालातही वर दाखविण्याकडे साहजिकच कल असे. दीर्घ प्रकारच्या ध्वनिमुद्रिकांच्या, म्हणजे अल्बमांच्या, चार्टसाठी मे १९९१ मध्ये आणि ‘हॉट हंड्रेड’ साठी ३० नोव्हेंबर १९९१ च्या अंकापासून ही पद्धत बदलली. दुकानातील गल्ल्यावर वस्तूची पट्टी यंत्राने वाचली जाई आणि ती नोंद साऊंडस्कॅन या संस्थेकडे जाई. नभोवाणीवरील वादनाची मोजणीही यंत्रे करू लागली. परिणाम तत्काळ दिसला. १९५८ पासून १९९१ पर्यंतच्या तेहेतीस वर्षांत ‘हॉट हंड्रेड’ च्या पहिल्या स्थानी दहा आठवड्यांहून अधिक काळ एकही गाणे टिकले नव्हते. डेबी बून हिचे १९७७ मधील गाणे आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हिचे १९८१-८२ मधील गाणे यांनी दहाची मर्यादा गाठली, ओलांडली नाही. नवी पद्धत आल्यानंतर वर्षाच्या आतच बॉइझ टू मेन या वृंदाचे गाणे तेरा आठवडे पहिले राहिले; लगोलग व्हिटनी ह्यूस्टनचे चौदा; आणि १९९५-९६ मध्ये मराया कॅरी व बॉइझ टू मेन यांचे मिळून सोळा. सप्टेंबर १९९५ मध्ये मायकेल जॅक्सनचे ‘यू आर नॉट अलोन’ हे पहिल्याच आठवड्यात पहिल्या स्थानी आले. असे त्यापूर्वी या चार्टवर कधीच घडले नव्हते.

अमेरिकन जनतेची संगीतरुची १९९१ च्या नोव्हेंबरात एकाएकी बदलली असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजण्याची रीत. जुन्या चार्टमधील तो डौलदार चढ आणि उतार हा अंशतः तरी दुकानदाराच्या लेखणीचा गुण होता. आता प्रश्न असा की, १९८० च्या सुमारास वैयक्तिक वही राखणाऱ्या श्रोत्याने आपल्या आवडत्या गाण्याला एकतिसाव्या स्थानी घेऊन आठ आठवड्यांत शिखरावर नेले, तेव्हा तो चढ त्याच्या कानातला होता की छापील चार्ट पाहून अंगवळणी पडलेला होता? वैयक्तिक क्रमवारीच्या अभ्यासातील खरी अडचण ही आहे.

सवयीच्या बाजूने पुष्कळ सांगता येते. पण कानाच्या बाजूनेही थोडेथोडके नाही. रॉबर्ट झायन्स याने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की एखादी वस्तू केवळ पुनःपुन्हा समोर आल्यानेच अधिक आवडू लागते. डॅनिएल बर्लाइन याने पुढे यात भर घातली, ती अशी की ही वाढ अमर्याद नसते; परिचयाबरोबर आवड वाढते, एका बिंदूला पोहोचते आणि मग अतिपरिचयाने घटते, आणि रचना जितकी गुंतागुंतीची तितका तो बिंदू उशिरा येतो. ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे संस्कृत वचन या आलेखाचा उत्तरार्धच सांगते. पूर्वार्ध सांगण्याचे श्रेय प्रयोगशाळेला द्यावे लागेल. तेव्हा चढ, शिखर व उतार हा आकार सर्वस्वी उसना आहे असेही म्हणवत नाही. गाण्याची सुलभ चाल दोन आठवड्यांत शिखर गाठून महिन्याभरात उतरावी आणि दीर्घ, अनेक भागांची रॉक-रचना दहा आठवडे हळूहळू चढत राहावी, असा भेद जर एखाद्या वहीत सातत्याने आढळला, तर तो चढ कानातला आहे असे मानण्यास जागा आहे. सर्वच गाणी एकाच मापाने चढत-उतरत असतील, तर संशय सवयीवर घ्यावा.

या संशयाची पारख करण्याचे एक नवे साधन एकविसाव्या शतकात उपलब्ध झाले. साउथहॅम्प्टन विद्यापीठातील रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने २००२ मध्ये ‘ऑडिओस्क्रॉब्लर’ नावाची संगणकीय योजना तयार केली. श्रोत्याने संगणकावर वाजविलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद आपोआप व्हावी आणि आठवड्याच्या अखेरीस त्याचा वैयक्तिक चार्ट आपोआप निघावा, ही तिची कल्पना होती. २००५ मध्ये ही योजना ‘लास्ट एफएम’ या सेवेत विलीन झाली. अशा प्रकारे वैयक्तिक क्रमवारीचे दोन प्रकार झाले : एक निर्णयावर आधारलेली, हाताने लिहिलेली, दुसरी गणनेवर आधारलेली, यंत्राने काढलेली.

गणनेची यादी निःपक्षपाती खरी, पण ती जे मोजते ते आवड नव्हे. ती वादने मोजते. वादन कशाला म्हणावे याचाही नियम तेथे ठरलेला आहे : गाणे तीस सेकंदांहून मोठे असावे आणि निम्मे किंवा चार मिनिटे, यांपैकी जे आधी पुरे होईल तेवढे वाजलेले असावे. पिंक फ्लॉइड या वृंदाची ‘एकोज’ ही सुमारे तेवीस मिनिटांची रचना चार मिनिटे ऐकून थांबविली तरी एक वादन, पूर्ण ऐकली तरी एकच. आणि तेवढ्या वेळात दोन-अडीच मिनिटांची बीटल्सची गाणी नऊ-दहा नोंदी मिळवितात. आवडता वृंद नवा अल्बम काढतो त्या आठवड्यात तर गणनेच्या यादीचे रूप विचित्रच होते. अल्बमातील बारा गाणी एकापाठोपाठ सहा वेळा वाजली, की बारा गाणी सहा-सहा वादने घेऊन एकाच पातळीवर उभी राहतात आणि वरची सारी जागा व्यापतात. पुढल्या आठवड्यात त्यांतली नऊ नाहीशी होतात. त्याच श्रोत्याच्या हातच्या यादीत मात्र त्या अल्बमातील एखादेच गाणे अठराव्या स्थानी शिरलेले असते आणि उरलेल्यांविषयी अजून मत बनलेले नसते. एक यादी कुतूहल नोंदविते, दुसरी निर्णय. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर गाणे वारंवार ऐकले जाऊ लागल्यानंतर किती आठवड्यांनी ते निर्णयाच्या यादीत चढू लागते, हे दिसू शकते. आणि झायन्स-बर्लाइन यांच्या आलेखाची एका व्यक्तीपुरती पडताळणी तेथे होऊ शकते. अशी जोडनोंद दीर्घकाळ ठेवणारे श्रोते विरळा, पण तसा एखादा मिळाला तर प्रबंधाला पुरेल एवढी सामग्री त्याच्याजवळ असेल.

एकाच अल्बमाने यादी व्यापण्याचा प्रकार सार्वजनिक चार्टलाही चुकलेला नाही, विशेषतः संगीत विकत घेण्याऐवजी जालावरून थेट ऐकण्याची नोंद तेथे धरली जाऊ लागल्यापासून. मार्च २०१७ मध्ये एड शीरन याच्या नव्या अल्बमातील सोळा गाणी ब्रिटिश चार्टच्या पहिल्या वीसांत एकाच वेळी होती. त्याच वर्षी जुलैपासून एका प्रमुख कलाकाराची तीनच गाणी धरावीत असा नियम झाला. शिवाय पुष्कळ आठवडे राहून उतरणीला लागलेल्या गाण्याच्या श्रवणनोंदींचे वजन निम्मे करण्यात आले, म्हणजे ते लवकर खाली जावे. अमेरिकन चार्टमध्येही वीस आठवडे होऊन गेलेले गाणे पन्नासाव्या स्थानाखाली घसरले की काढून टाकण्याची प्रथा १९९० नंतरच्या दशकात रुळली. वैयक्तिक वह्यांतून असेच नियम कितीतरी आधीपासून आढळतात : एका वृंदाची दोनपेक्षा अधिक गाणी नकोत, वीस आठवड्यांनंतर गाणे ‘निवृत्त’ व्हावे, पहिल्या स्थानी सहाहून अधिक आठवडे कोणी बसू नये. हे नियम हास्यास्पद नाहीत. क्रमवारी हलती राहिली नाही, तर ती राखण्यात काही स्वारस्य उरत नाही, हे वहीवाल्याला कळते आणि ब्रिटिश चार्टच्या व्यवस्थापकांनाही कळले. मात्र अभ्यासकाने नियम माहीत करून घेतल्याखेरीज उतारांवर भाष्य करू नये. विसाव्या आठवड्यात दुसऱ्या स्थानावरून नाहीसे झालेले गाणे टाकाऊ झालेले नसते.

नियम आणि त्यांत कधी बदल झाला याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर असली, तर पुढचे काम सोपे होते. बहुधा ती नसते. त्याहून घातक म्हणजे जुन्या पानांची दुरुस्ती. सतराव्या वर्षी पहिल्या स्थानी बसविलेल्या गाण्याची पंचविसाव्या वर्षी लाज वाटणे हे स्वाभाविक आहे. ते खोडून तेथे अधिक प्रतिष्ठित नाव लिहिणे हेही पुष्कळांच्या हातून होते. अशी वही रुचीचा इतिहास सांगण्याऐवजी, पंचविसाव्या वर्षी आपण पूर्वी कसे होतो असे वाटावे ही इच्छा सांगते. तीही एक माहितीच, पण निराळ्या प्रश्नाची.

पुनरागमन हा वहीतील सर्वांत बोलका प्रकार होय. सार्वजनिक चार्टमध्ये त्याचे कारण बहुधा बाहेर सापडते. केट बुश हिचे ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले होते. एका दूरचित्रवाणी-मालिकेत वापरले गेल्यामुळे ते जून २०२२ मध्ये पहिल्या स्थानी आले. मराया कॅरी हिचे नाताळचे गाणे १९९४ मधील, पण ‘हॉट हंड्रेड’ मध्ये ते प्रथम स्थानी आले डिसेंबर २०१९ मध्ये, आणि आता ते ऋतुमानाप्रमाणे ये-जा करते. वैयक्तिक वहीत असे बाह्य कारण क्वचितच असते. चार वर्षांपूर्वी उतरून गेलेले गाणे एखाद्या आठवड्यात अकराव्या स्थानी परत दिसले, तर त्या आठवड्यात काहीतरी घडलेले असते : वृंदाचा वादक निवर्तला, मित्र परगावी गेला, किंवा जुनी ध्वनिफीत माळ्यावर सापडली. अतिपरिचयाने आलेली अवज्ञा विस्मरणाने धुऊन निघते आणि आलेख पुन्हा आरंभापासून काढावा लागतो. असल्या पानाच्या समासात एक ओळ टिपण असेल, तर ती वरच्या सर्व आकड्यांइतकी मोलाची ठरते.

वर्षअखेरच्या यादीबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. पहिल्या स्थानाला वीस गुण, विसाव्याला एक, अशी बेरीज करून वर्षातील श्रेष्ठ गाणे काढण्याची पद्धत सर्वत्र आहे. क्रम आणि अंतर यांविषयी वर जे म्हटले ते पाहता या बेरजेला तार्किक पाया नाही. नोव्हेंबरात आलेले गाणे दोन वर्षांत विभागले जाऊन दोन्हीकडे मागे पडते, आणि मध्यम आवडीचे पण चिवट गाणे पुढे येते. वहीवाले हे जाणून असतात, कुरकुरतात, आणि दर डिसेंबरात तीच बेरीज करतात.

शेवटी रिकाम्या आठवड्यांचा प्रश्न राहतो. परीक्षा, आजारपण, प्रवास यांमुळे यादी राहून जाते. काही जण मागील यादीच पुन्हा उतरवितात. सार्वजनिक चार्टही नाताळच्या सुटीत पूर्वी असेच करीत, आणि त्या न मोजलेल्या आठवड्यांची भर गाण्यांच्या खाती पडे. काही जण नंतर आठवून लिहितात. पान कोरे ठेवणारे थोडे. अभ्यासाच्या दृष्टीने कोरे पानच बरे, कारण नंतर भरलेली जागा काय करू शकते याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९७१ च्या आरंभी ब्रिटनमध्ये टपाल कामगारांचा संप झाला. दुकानांच्या नोंदवह्या टपालाने येत असल्यामुळे अल्बमांचा चार्ट काही आठवडे निघालाच नाही. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा अल्बम नेमका त्या दिवसांत बाजारात जोरात होता. अधिकृत दप्तरात मात्र त्याचे सर्वोच्च स्थान चौथे एवढेच राहिले. पुढे २००६ मध्ये त्या रिकाम्या आठवड्यांच्या जागी ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाची त्या काळची क्रमवारी ग्राह्य धरण्यात आली, आणि पस्तीस वर्षांनंतर तो अल्बम आठ आठवडे पहिल्या स्थानी होता असे ठरले. हॅरिसन २००१ मध्येच निवर्तला होता. ‘मेलडी मेकर’ ने त्या आठवड्यांत निराळ्या मार्गाने चौकशी चालू ठेवली होती, म्हणून निदान ही भरपाई शक्य झाली. रसिकाच्या वहीतील कोऱ्या पानाला असे दुसरे साप्ताहिक नसते.